रंजीताची वाळवणपेटी

कुरखेड्याच्या पलीकडे, जंगलात रंजीता मडावीचं गाव. मोहाच्या दिवसांत आभाळ भरून आलं की अंगणात वाळत घातलेली फुलं काळी पडायची. चंद्रपूरला इंजिनीअरिंग शिकताना तिनं त्यावर पेटी बनवली. उन्हानं तापलेली हवा खालून आत शिरायची, जाळ्यांवरच्या फुलांतून वर चढायची आणि नळीतून बाहेर पडायची.

गावी नेल्यावर पहिल्याच खेपेला पेटी फसली. खालची फुलं करपली, वरची ओलीच राहिली. बायका हसल्या नाहीत, पण पुन्हा कुणी फुलं आणली नाहीत. रंजीताला तेच जास्त लागलं.

"आता काय करशील वं?" आई सोमारीनं विचारलं.

"दुसरी बनवीन."

"अन् थेही बिघडली त?"

रंजीता बोटांवर मोजू लागली. नळीची उंची, हवेचं भोक, जाळ्यांमधलं अंतर, उन्हाचा जोर. एक बदललं की सगळंच बदलायचं. प्रत्येक पेटी पत्र्याची बनवून बघायची, तर जन्म पुरला नसता.

कॉलेजात तिनं तीच पेटी कॉम्प्युटरवर उभी केली. मग एक प्रोग्राम लिहिला. कोणतं माप कुठपासून कुठपर्यंत बदलायचं ते एकदा सांगायचं. पुढं तो स्वतःच मापं बदलत सिम्युलेशनमागून सिम्युलेशन, म्हणजे पेटीची कॉम्प्युटरवरची चाचणी, चालवायचा आणि सगळे निकाल शेजारी शेजारी मांडायचा. लॅबमधले रिकामे कॉम्प्युटर हरिदास सरांनी तिला वापरू दिले.

सगळ्यात चांगली दिसणारी पेटी सापडली तेव्हा ती खुशीत सरांकडे धावली.

सरांनी विचारलं, "ऊन किती धरलं?"

"कडक, सर. चैत्रातलं."

म्हणता म्हणता तिनंच जीभ चावली. पेटी हवी होती ती ढगाळ दिवसांसाठी! तिनं उन्हाचा जोरही बदलता ठेवला आणि सगळं पुन्हा चालवलं. पहिल्या नंबरची पेटी पार तळाला गेली. उंच नळीची, मोजक्याच जाळ्यांची एक साधी पेटी मात्र उन्हातही टिकली, ढगातही. कुठंच पहिली नाही, पण कुठंच नापास नाही. रंजीतानं तीच निवडली आणि पत्र्याची बनवून गावी नेली.

पुढच्या मोसमात आभाळ आलंच. सोमारीनं वरच्या जाळीतलं फूल उचलून बोटांत दाबलं.

"वाळलं वं, पोरी!"

शेजारची धुरपता आपल्या फुलांचं टोपलं आणायला घरी पळाली.

यंदा पेटीबद्दल ऐकून सिरोंच्याहून श्रीहरीभाऊंचा फोन आला. ते गोदावरीत मासे धरतात.

"बाई, मासोळी सुकवाले जमन का?"

"बघू ना भाऊ," रंजीतानं प्रोग्राम उघडला. "पहिले सांगा, मासोळी केवढी जाड असते?"