झाकणं लावा

राणे मॅडमच्या तासाचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "झाकणं लावा." आमच्या विद्यापीठाची सगळी ऐट लॅपटॉपवर होती. नाहूर स्टेशनजवळची काचेची इमारत, प्रवेश घेतला की प्रत्येकाच्या हातात लॅपटॉप, आणि जाहिरातीत फळ्याचं किंवा पुस्तकाचं नावसुद्धा नाही. शिकवण्यासाठी लागणारी सगळी सॉफ्टवेअर चालवायची आणि इतरांना शिकवायची जबाबदारी ज्या बाईंवर होती, त्या बाई आपला तास सुरू करायच्या लॅपटॉप बंद करून. वर्गभर टपटप आवाज व्हायचा. मग त्या टेबलाला टेकून उभ्या राहायच्या, एखाद्याकडे बोट करायच्या आणि म्हणायच्या, "हां, काय ता बोल."

मी तिथे शिकवायला लागलो तेव्हा त्यांच्याच केबिनमध्ये मला जागा मिळाली. माझा स्वभाव मुळातच तिरका. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, "मॅडम, झाकणंच लावायची तर लॅपटॉप वाटले कशाला?" त्या हसल्या. "संदेश, आधी डोक्यात काहीतरी शिजू दे. मग ताट मांड." बाई भांडुपला वाढलेल्या, माणसं मूळची मालवणकडची, वडील गिरणीत. वर्गात बोलणं स्वच्छ प्रमाण मराठीत, नाहीतर इंग्रजीत. पण माया आली किंवा राग आला की मालवणी बाहेर यायची. मुलांना ते चांगलं ठाऊक होतं. मॅडम मालवणीत शिरल्या की मागच्या बाकावरचेही सरळ बसायचे.

झाकणं उघडल्यावरचा त्यांचा तास मात्र बघण्यासारखा होता. सगळ्या वर्गासाठी त्या एकच पान उघडायच्या. ते भिंतीवर मोठं दिसायचं आणि सगळी मुलं त्यावर एकाच वेळी लिहायची. प्रत्येकाचा कर्सर वेगळ्या रंगाचा, त्याला नावाची चिठ्ठी चिकटलेली. मॅडमचं लक्ष लिहिणाऱ्यांकडे नसायचं, थांबलेल्यांकडे असायचं. "तो निळा बघा कधीचा एकाच जागी उभा आहे. काय रे, रिक्षा मिळत नाहीये का?" वर्ग हसायचा. हसू ओसरायच्या आत त्या त्या मुलाच्या शेजारी जाऊन बसलेल्या असायच्या आणि अडलंय कुठे ते हळू आवाजात विचारत असायच्या.

एकदा कुणीतरी सगळ्या वर्गाचं लिहिलेलं पान एका फटक्यात पुसून टाकलं. तासाभराची मेहनत गेली, भिंत पांढरी. मी मागे बसलो होतो, माझंच डोकं फिरलं. सॉफ्टवेअर प्रत्येक बदल लक्षात ठेवतं, त्यामुळे कुणी पुसलं हे मॅडमना दोन क्षणांत कळलं असणार. त्यांनी नाव घेतलं नाही. म्हणाल्या, "कुणी पुसलं ते नंतर. आधी परत आणायचं कसं ते शिकू." आणि जुनं पान जसंच्या तसं परत आणून दाखवलं. ते 'नंतर' कधीच आलं नाही. मी तर त्या पोराला उभा आडवा झापला असता.

मग मीटर आलं. नवे संचालक आले होते. हुशार गृहस्थ, माणूसही वाईट नव्हता, पण आकडा दिसल्याशिवाय त्यांना झोप यायची नाही. त्यांनी प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात सहभागाचं मीटर बसवून घेतलं. एकत्र लिहिलेल्या कामात कुणी किती मजकूर टाइप केला याची टक्केवारी तिथे दिसायची. गटाने केलेल्या प्रकल्पाचे गुण त्या टक्केवारीवरून द्यायचे, आणि सहभाग शून्य असेल तर विद्यार्थी नापास, असा नियम झाला. सभेत मॅडम एकट्या उभ्या राहिल्या. "सर, हे रिक्षाचं मीटर आहे. गाडी किती फिरली ते सांगेल. रस्ता कुणी दाखवला ते नाही सांगणार." संचालक शांतपणे म्हणाले, "मॅडम, भावना नकोत. फुकट पास होणारे थांबवायचे आहेत." त्यांचंही चूक नव्हतं. गटात नाव घालून फिरत राहणारी पोरं आम्ही सगळ्यांनीच पाहिली होती.

त्या मीटरखाली पहिली सापडली ती अस्मिता जाधव. जोगेश्वरीच्या वस्तीतली, बोलायला फटकळ, शेवटच्या वर्षाची. कॅम्पसमधूनच तिला नोकरी लागली होती. रुजू होताना पास झाल्याचा निकाल दाखवायचा, एवढंच बाकी होतं. तिच्या गटाच्या प्रकल्पात केतन नावाच्या मुलाचा सहभाग जवळजवळ पूर्ण दिसत होता. बाकी दोघांचं किरकोळ. अस्मिताचा शून्य. मॅडम त्या गटाच्या मार्गदर्शक. त्यांनी चौघांना केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मी तिथेच होतो.

"मॅडम, बॅटऱ्यांची वाट लागलीय सगळ्यांच्या," केतन सांगत होता. "शेवटच्या वर्षापर्यंत कोणाचा लॅपटॉप टिकतो? कॅन्टीनमध्ये प्लग एकच. मग एकाचा लावायचा आणि बाकीच्यांनी बोलायचं. मी टाइप फास्ट करतो ना, म्हणून मी. सांगायची ही. मी नुसता बडवत होतो."

"अगं, मग तूही दोन ओळी बडवायच्या होत्यास की!" माझा आवाज चढला.

"सर, बोलू की टाइप करू?" अस्मिता म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज करडाच होता. "आम्हाला काय माहीत, बोललेलं मोजत नाहीत म्हणून?"

सुनावणी संचालकांच्या दालनात झाली. निकाल त्याच दिवशी संध्याकाळी जाहीर व्हायचा होता, त्यानंतर त्यात बदल होणार नव्हता. समितीत संचालक, परीक्षा विभागाचे प्रमुख, राणे मॅडम आणि मी. टेबलाच्या टोकाला लोके नावाचे कार्यालयातले कारकून, इतिवृत्त लिहायला. प्रत्येकासमोर उघडा लॅपटॉप, आणि भिंतीवर ते चालू इतिवृत्त.

केतनने सगळं सांगितलं. संचालक म्हणाले, "मित्र आहे. असंच म्हणणार." मॅडम म्हणाल्या, "मग तिलाच विचारा. प्रकल्प तिचा असेल तर बोलेल." अस्मिताला आत बोलावलं. ती दारातून आली आणि उघड्या लॅपटॉपच्या त्या रांगेसमोर उभी राहिली. आमच्यापैकी कुणाचाच चेहरा तिला धड दिसत नसणार. संचालकांनी पडद्याकडे बघतच विचारलं, "सांगा, काय काय केलंत?" तिने तोंड उघडलं, मिटलं. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. एवढी फटकळ पोरगी, पण शब्द फुटेना. मला तिला हलवावंसं वाटत होतं. शेवटी संचालक म्हणाले, "ठीक आहे. बाहेर बसा."

दार लागलं. मी मॅडमकडे पाहिलं. त्या खाली बघत होत्या, आणि हरलो असं मला त्या क्षणी स्पष्ट वाटलं. संचालक मजकूर सांगू लागले, "लिहा लोके. समितीने सर्व बाजू ऐकून घेतल्या. विद्यार्थिनीचा सहभाग शून्य असल्याने तिला अनुत्तीर्ण घोषित करण्यात यावे." लोक्यांची बोटं चालत होती. परीक्षा विभागप्रमुखांनी एक शब्द बदलायला सांगितला, लोक्यांनी बदलला. पान पुरं होत आलं.

"सर," मॅडम म्हणाल्या, "सह्या होण्याआधी या पानाचं मीटर बघूया का?"

"कसलं मीटर?"

"याच इतिवृत्ताचं. मीटर प्रत्येक पानाला आहे ना. लोके, कोपऱ्यात दाबा जरा."

लोक्यांनी बिचाऱ्यांनी दाबलं. भिंतीवर नावं आली. लोके, शंभर टक्के. त्याखाली संचालक, शून्य. परीक्षा विभागप्रमुख, शून्य. राणे मॅडम आणि मी, शून्य.

"नियमाने बघितलं तर हा निर्णय लोक्यांनी एकट्याने घेतलाय," मॅडम म्हणाल्या. "आपण कुणीच काही केलं नाही."

लोके खुर्चीतून अर्धे उठले. "मॅडम, मी नाही हो, मी फक्त..." त्यांचं वाक्य तिथेच राहिलं. मला हसू फुटणार होतं, पण संचालकांचा चेहरा पाहून मी ते गिळलं.

"हा पोरखेळ आहे," संचालक म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "मी सांगतोय आणि लोके लिहितायत, हे इथे सगळ्यांना दिसतंय."

"इथे दिसतंय, सर. कॅन्टीनमध्ये बघायला कोण होतं?"

संचालकांनी भिंतीवरच्या त्या शून्यांकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाले, "मान्य. मशीनला दिसत नाही. पण तिनेच सांगितलं, हे मला कोण दाखवणार? मघाशी ती आपल्यासमोर मुकी उभी होती, मॅडम."

"पुन्हा बोलवा. या वेळी गप्प राहिली तर त्या कागदावर पहिली सही मी करीन."

मी टेबलाखालून त्यांना पाय मारला. त्यांनी लक्ष दिलं नाही. अस्मिता आत आली, डोळे सुजलेले. मॅडम उठल्या, आधी स्वतःचा लॅपटॉप मिटला, मग माझा. परीक्षा विभागप्रमुखांनी आपला आपण मिटला. मॅडम संचालकांकडे वळल्या आणि वर्गात म्हणायच्या तशाच म्हणाल्या, "झाकण लावा, सर." संचालकांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि लावलं. मॅडम त्या मुलीसमोर टेबलाला टेकून उभ्या राहिल्या.

"हां गो बाय. काय ता बोल."

अस्मिताने एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. "सर, आमच्याकडे नळाची वेळ ठरलेली असते," ती म्हणाली. आवाज कापत होता. "पण पाणी त्या वेळेला येत नाही. कोणाला तरी घरी थांबावंच लागतं. माझ्या आईने त्यासाठी काम सोडलं एक. म्हणून पाणी आलं की मोबाइलवर कळवायचं, असं ॲप."

"मग नळाला सेन्सर लावायचा. तुमच्या अहवालात तो काढून का टाकलाय?" संचालकांनी विचारलं. प्रश्न खवचट होता.

"लावला होता ना सर!" आणि इथे ती पोरगी जागी झाली. "पाण्याआधी पाइपातून हवा येते. जोरात. सेन्सर हवेलाच पाणी समजला. सगळ्यांना मेसेज गेले, बायका हंडे घेऊन धावल्या आणि नळ नुसता फुसफुसतोय. माझी आई मला काय काय बोलली ते इथे सांगता येणार नाही."

परीक्षा विभागप्रमुख हसले. "मग?"

"मग सेन्सर काढला. मेन लाइनजवळच्या गल्लीत पाणी आधी येतं. तिथे एक काकू राहतात, त्यांच्या मोबाइलवर बटण दिलं. त्यांचा हंडा भरायला लागला की त्या बटण दाबतात, आतल्या गल्ल्यांना मेसेज. केतन म्हणत होता, हे फार साधं वाटेल, मार्क मिळणार नाहीत. मी म्हटलं, पाणी मिळतंय ना? लिही तू."

संचालकांनी आणखी बरेच प्रश्न विचारले. ती एकाही प्रश्नाला अडखळली नाही. शेवटी त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "लोके, मघाचं पुसा." ती बाहेर गेल्यावर मॅडम खुर्चीत बसल्या आणि पाणी मागितलं. पेला एका दमात रिकामा करून त्यांनी दुसरा मागितला. बाई किती घाबरल्या होत्या ते मला तेव्हा कळलं.

मीटर काही गेलं नाही. कोपऱ्यात ते आजही आहे. पण गुण आता समोर बसवून, विचारून दिले जातात. अस्मिता वेळेवर नोकरीवर रुजू झाली. पुढच्या वर्षी मॅडम आजारी पडल्या आणि ते दुखणं त्यांना घेऊनच गेलं. मुलुंडच्या हॉस्पिटलात मी भेटायला गेलो होतो. काय बोलायचं ते सुचेना, म्हणून लॅपटॉप काढून मुलांचं काम दाखवायला लागलो. त्यांनी हात पुढे करून माझं झाकण मिटलं. "काय ता बोल, संदेश." मी नुसता रडलो, आणि त्यांनी रडू दिलं.

शोकसभा कॅम्पसच्या मोठ्या सभागृहात झाली. मुलं आपापले लॅपटॉप उघडून बसली होती. आठवणी लिहिण्यासाठी एक पान सगळ्यांना पाठवलं होतं आणि भिंतीवर रंगीबेरंगी कर्सर पळत होते. संचालक व्यासपीठावर, समोरच्या लॅपटॉपवर लिहून आणलेलं भाषण. ते वाचायला लागण्याआधी अस्मिता बोलणार होती. ऑफिसातून तशीच आली होती, गळ्यात ओळखपत्र. ती माइकसमोर उभी राहिली. तोंड उघडलं, मिटलं. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. सभागृहात नुसती टाइप करण्याची टकटक.

मी उठणार होतो. पण त्याआधी संचालकांनी हात पुढे केला आणि आपल्या लॅपटॉपचं झाकण लावलं. माइक जवळ होता, तो टप् आवाज सगळ्यांना ऐकू गेला. पहिल्या रांगेत कुणीतरी लावलं, मग दुसऱ्या रांगेत, मग पार मागेपर्यंत. सगळे चेहरे तिच्याकडे झाले.

अस्मिता बोलायला लागली.