होडीतली निम्मी खुर्ची

पडल्यामुळे माझा खांदा आखडला होता. बेळगावच्या एका दवाखान्यात व्यायामासाठी जात होतो. तिथं डोळ्यांना मोठा व्हीआर चष्मा बांधायचे. आत तलाव दिसायचा आणि आपण खुर्चीत बसून होडी वल्हवायची. चारचौघांत हवेत हात मारायची मला, निवृत्त मास्तरला, लाज वाटायची. रोज मी "उद्या बघू" म्हणायचो.

एके दिवशी येळ्ळूरचे एक आजोबा आले. टोपी काढायला ते काही तयार होईनात. शेवटी चष्म्याच्या पट्ट्यावर टोपी चढवून त्यांनी होडी सोडली.

"आरं तिच्या, लई पाणी हाय की!" म्हणत ते असे वल्हवू लागले, की व्यायाम घेणारी मुलगी आधी कानडीत "साकु, साकु" आणि मग मराठीत "आजोबा, पुरे" म्हणाली तरी थांबेनात.

"काठावर कोण ऱ्हायलंय का?" त्यांनी विचारलं.

"एक मास्तर आहेत. लाजतात," मुलगी हसली.

आजोबा खुर्चीत एका कडेला सरकले आणि मोकळी जागा थोपटत म्हणाले, "या मास्तर, बसा. येकट्यानं फिरण्यात मजा न्हाय."

मला हसू फुटलं. शेजारच्या खुर्चीत बसून मी दुसरा चष्मा मागितला. पहिल्याच हाताला खांद्यातून कळ गेली आणि मी ओरडलो.

"दमानं," शेजारून आवाज आला. "आपल्याला काय पलीकडं बाजाराला जायाचंय व्हय?"

मी दमानं वल्हवत राहिलो. कितीतरी दिवसांनी हात खांद्याच्या वर गेला.

चष्मे निघाल्यावर आजोबांनी मला पहिल्यांदाच नीट न्याहाळलं.

"तुमीच व्हय मास्तर? पाण्यात जरा तरणे वाटलासा की!"