गाडीखालचं कुत्रं
बैलगाडीच्या वंगणाचा वास आला की आमचं कुत्रं आठवतं. गाडी निघाली की ते खाली, दोन चाकांच्या मधी, निजामाच्या शिपायावानी ऐटीत सावलीनं चालायचं. एका दिवाळीला आमी माजलगावला मामाकडं गेलतो. बाप म्हणला, "मामाची कुत्री लई खुनशी हायेत, फाडतील. ह्याला घरीच बांध." परत आलो तर खुंट्याला नुसता तुटका दोर. शेजारची चुलती म्हणली, "बाजाराच्या गाड्या चालल्या व्हत्या बाबा. दोर तोडून पळालं अन् एकीच्या खाली शिरलं. तुमचीच वाटली आसंल." मी वेशीवर जाऊन बापाच्या आवाजात हाका मारल्या, आईच्या मारल्या, शेवटी माझ्या. लोकांना नक्कल वाटली, ते हसले. आजबी मी गावात कुणाचीबी नक्कल करतो. कुत्र्याची कर म्हणले की सांगतो, येत न्हाई.