पाठवणीच्या कॅसेटमधल्या मुंग्या

आमच्या घरात एक भांडण वर्षानुवर्षं चालू होतं, आणि पप्पा गेले तरी ते मिटलं नाही. आईचं म्हणणं, ताईच्या पाठवणीला ती लेकीच्या गळ्यात पडून रडत होती, अख्खा मांडव हळहळत होता, आणि हा माणूस मात्र खांबाला टेकून ढिम्म उभा. जवळ आला नाही, एक शब्द बोलला नाही. पप्पांचं म्हणणं एवढंच, "सांगितलं होतं तुला." त्यावर आई उसळायची, "कधी सांगितलं? तोंड तरी उघडलं का?" पप्पा हसून पेपरात डोकं घालायचे. कुणाचंही लग्न असो, पाठवणीची वेळ आली की आईचं हे सुरू व्हायचं. खरं सांगते, आमचे कान किटले होते.

पप्पा पिंपरीतल्या एका फोर्जिंग कंपनीत हॅमरवर होते. लालबुंद लोखंडावर मशीनचा घण पडत असतो तिथं शेजाऱ्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून कारखान्याच्या त्या भागात, त्या शॉपमध्ये, सगळे हातानं बोलायचे. थांब, साहेब आला, जेवायला चल, प्रत्येक गोष्टीला खूण. आपली जागा सोडून कुणी कुणाकडं जायचं नाही, जिथं उभे असाल तिथूनच बोलायचं. आणि एक नियम फार कडक होता. समोरचा डोक्याच्या वर पंजा नेऊन 'कळलं' म्हणत नाही, तोवर खूण करणाऱ्यानं हात खाली घ्यायचे नाहीत. करतच राहायची ती खूण. घणापुढं अर्धवट कळून चालत नाही, पप्पा सांगायचे.

या कामानं त्यांचे कान हळूहळू गेले आणि त्या खुणा आमच्या दोन खोल्यांच्या घरात आल्या. आई तर पप्पांकडून शॉपमधली एकूण एक खूण शिकून त्यात इतकी तरबेज झाली, की गॅसपाशी उभी राहून भाजीत मीठ बरोबर पडलंय का, हेही हातानंच विचारायची. भांडायचीसुद्धा हातानं. तेव्हा बघण्यासारखं असायचं हो!

पप्पांचं वर्षश्राद्ध वगैरे आमच्यात नसतं, पण वर्ष झालं म्हणून सगळे जमलो. त्या दिवशी ताईनं येताना तिच्या लग्नाची कॅसेट आणली. माळ्यावर बुरशी खात पडली होती बिचारी. चिंचवडच्या एका दुकानातून आम्ही ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. चित्र कसलं, नुसत्या मुंग्या! विहाराशेजारच्या मैदानातला मांडव, ताईची पांढरी साडी, मागचं निळं कापड, सगळ्यावर मुंग्या वळवळत होत्या. पप्पा पार कडेला, अंधाऱ्या खांबापाशी. तिथं कुणीतरी माणूस आहे, एवढंच दिसत होतं.

आई म्हणाली, "तू कंपनीत हेच करतीस ना? काढ त्या मुंग्या. मला एकदा बघू दे, खरं बोलत होते का ते."

मी चाकणला गाड्यांच्या पडद्यांवर काम करते. गाडी मागं घेताना पुढच्या पडद्यावर मागचं चित्र दिसतं ना, ते. उजेड कमी झाला की त्या चित्रातही अशाच मुंग्या येतात, आणि त्या घालवणं हे आमचं काम. सोपी रीत अशी, की पाठोपाठची चित्रं एकमेकांवर ठेवायची आणि त्यांची सरासरी काढायची. भिंत प्रत्येक चित्रात जागच्या जागी असते, ती स्वच्छ होते. मुंगी दर चित्रात वेगळ्या जागी असते, ती पुसली जाते. गोम एकच. हलणारी वस्तूही दर चित्रात वेगळ्या जागी असते, त्यामुळं तीही पुसट होते. गाडीमागून पळत गेलेलं पोर अशा चित्रात धुरासारखं विरतं. म्हणून ऑफिसात आम्ही ही रीत एकटी कधीच वापरत नाही. पण घरी माझ्या डोक्यात तो विचारच आला नाही. लग्नाची कॅसेट ती, तिथं कुठली गाडी मागं यायची! मी सफाई शेवटच्या टोकापर्यंत वाढवली.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर टीव्हीवर लावलं. चित्र कसं धुऊन काढल्यासारखं! खांबावरच्या कागदी फुलांच्या पाकळ्यासुद्धा मोजून घ्या. आणि त्या खांबापाशी पप्पा. चेहरा स्पष्ट, नजर आईकडं, आणि उभे आपले गप्प.

"बघ," आई म्हणाली. "म्हटलं होतं की न्हाई मी?"

मला वाटलं, आता ती सुरू होईल. कुठलं काय! इतक्या वर्षांचं भांडण ती जिंकली होती, आणि तिचं तोंड एवढंसं झालं होतं. मला तेव्हा कळलं, की तिला जिंकायचंच नव्हतं. त्यांनी काहीतरी सांगितलं होतं, हे तिला ऐकायचं होतं. ती उठून आत गेली आणि उगाच भांडी लावत बसली. 

टीव्ही बंद करायला गेले आणि थबकले. पप्पांच्या शर्टाच्या बाह्या कोपराशी वाकलेल्या होत्या आणि तिथंच संपत होत्या. पुढं हात नव्हते. छातीसमोर नुसता धुरकट डाग होता.

अगं बाई! मी त्यांचे हातच पुसून टाकले होते.

मूळ चित्र पुन्हा काढलं. मुंग्यांच्या गर्दीत छातीपाशी काहीतरी सारखं हलत होतं. मग ते काम मी ऑफिसच्या रीतीनं केलं. हात पुढच्या चित्रात कुठं गेला ते आधी शोधायचं, त्याच्या मागं मागं जायचं, आणि हाताची सरासरी हाताशीच काढायची. जिथं माग सुटतो तिथं काही करायचं नाही, मुंग्या खुशाल राहू द्यायच्या. आठवडाभर कंपनीतून आले की तेवढाच तुकडा घेऊन बसायचे. हात जसजसे उमटू लागले, तशी मला भीतीच वाटायला लागली. कारण ती खूण मला येत नव्हती. घरात कधी झालेलीच नव्हती ती.

पुढच्या रविवारी आईला हाताला धरून टीव्हीपुढं बसवलं. या वेळी चित्र खरबरीत होतं. पप्पांच्या भोवती मुंग्या तशाच होत्या, पण हात होते. मुठी पुढं आल्या, बोटं सुटली, पंजे उघडले. मग दोन्ही मुठी घट्ट आवळून छातीशी. परत मुठी पुढं, बोटं सुटली, मुठी छातीशी. परत तेच. इकडं आई ताईला कवटाळून, तोंडावर पदर. तिनं वर बघितलंच नव्हतं.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

पडद्यावरची नजर न काढता आई म्हणाली, "गरम लोखंड चिमट्यात धरून एकाचे हात भरून आले, की दुसरा म्हणतो तसं. सोड, मी धरलंय."

चित्रात पप्पा तेच करत राहिले. सोड, मी धरलंय. सोड, मी धरलंय. समोरून पंजा वर जात नव्हता, म्हणून ते थांबत नव्हते. शेवटी कॅमेरा नवरदेवाच्या गाडीकडं वळला, तेव्हाही त्यांचे हात वरच होते.

"मागं घे," आई म्हणाली.

मी मागं घेतलं. पप्पा पुन्हा खांबापाशी आले, मुठी पुढं आल्या. आईनं पदरानं डोळे पुसले, ताठ बसली, आणि उजवा पंजा डोक्याच्या वर नेला. बराच वेळ तसाच धरला.

"कळलं हो," ती म्हणाली. "घ्या आता हात खाली."