बसता येईल अशी बॅग

कांचन सरनोबत यांनी सदुसष्टाव्या वर्षी हरणाच्या शिकारीला जायचं ठरवलं, तेव्हा सातासमुद्रापार बेलव्ह्यूतल्या मराठी मंडळींनी आधी हेच विचारलं, की बंदूक ठेवणार कुठे? तो प्रश्न सोपा निघाला. गॅरेजमध्ये एक लोखंडी कपाट आलं, त्याची किल्ली कांचनमावशींच्या गळ्यात गेली आणि विषय संपला. खरी पंचाईत झाली ती बंदूक पाठीवर कशी न्यायची याची.

मावशी मूळच्या कोल्हापूरच्या. उंची चार फूट दहा इंच. नोकरी पॅथॉलॉजिस्टची, म्हणजे जन्म मायक्रोस्कोपला डोळा लावून गेला. रिटायर झाल्यावर त्यांनी ब्रिजचा क्लास लावला आणि आठवडाभरात सोडला. मग परसात टोमॅटो लावले. ते हरणांनी खाल्ले. पुन्हा लावले, पुन्हा खाल्ले. शिकारीचा आणि त्या टोमॅटोंचा काडीचाही संबंध नाही, असं मावशी आजही सांगतात. ते कुणालाही पटत नाही.

त्यांची मुलगी इला गाई-घोड्यांची डॉक्टर. डोंगरांपलीकडे, मेथाव खोऱ्यात राहते. दर ऑक्टोबरला ती एक हरीण मारते आणि वर्षभर फ्रीझरमधून काढून खाते. एकदा मावशींनी त्या मटणाचा तांबडा रस्सा केला, बोटं चाटली आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मीपण येणार."

"आई, बी सीरियस."

"मी सीरियसच आहे."

आणि होत्याच. त्यांच्या वयाला सक्ती नसतानाही त्यांनी शिकारीचा सरकारी कोर्स केला. रेंजवर जाऊन नेमबाजी शिकल्या. दुर्बिणीला डोळा लावून श्वास रोखणं त्यांना वेगळं शिकवावं लागलं नाही. रायफलही त्यांच्या मापाची, आखूड मिळाली. शिकाऱ्याने लांबून दिसावं म्हणून तिथे भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी घालायचा नियम आहे, तर मावशींनी चक्क राणी रंगाचं जॅकेट घेतलं.

मग इलाचा फोन आला. "आई, चढ खूप स्टीप आहे. दोन्ही हातांत काठ्या लागतील, सो रायफल बॅगलाच अडकली पाहिजे. आणि बॅग छोटी घे. वुई आर गोइंग फॉर द डे. घर घेऊन येऊ नकोस."

हे स्पीकरवर ऐकताच चंद्रशेखरकाका सरसावले. काका म्हणजे मावशींचे यजमान. शाकाहारी, भित्रे आणि पूल बांधणारे इंजिनिअर. बायको शिकारीला जाते ही गोष्ट त्यांना अजिबात पसंत नव्हती. पण पाठीवर वजन कसं पेलायचं हा प्रश्न इंजिनिअरिंगचा होता, आणि तो दुसऱ्या कुणी सोडवावा हे त्यांना त्याहून नापसंत होतं. दिवसभर ते दाढीवाल्या शिकाऱ्यांचे व्हिडिओ बघू लागले. घरात खरी रायफल घेऊन फिरायला नको म्हणून गॅरेजमध्ये बसून त्यांनी लाकडाची एक रायफल केली. तिच्या पोटात नट-बोल्ट भरून वजनही बरोबर साधलं.

काकांनी मागवलेल्या पहिल्या बॅगेत रायफल मधोमध उभी राहायची. तिचा दस्ता ठेवायला खाली एक कापडी खिसा होता. व्हिडिओतल्या माणसाच्या तो कमरेशी येत होता. मावशींच्या तो गुडघ्यांमागे लोंबायला लागला आणि पावलागणिक पोटऱ्यांवर धपाधप आपटू लागला. वरची नळी डोक्याच्याही वर. टेबलाजवळून जाताना ती टांगलेल्या दिव्याच्या साखळीत गुंतली. सोडवायला काका पुढे आले, तेवढ्यात मावशी वाकल्या आणि नळी काकांच्या चष्म्यावर बसली.

"परत पाठव," मावशी म्हणाल्या.

"बॅग की चष्मा?"

"दोन्ही."

दुसऱ्या बॅगेत रायफल तळाशी आडवी बांधायची सोय होती. पोटऱ्या वाचल्या. पण आता मावशी दोन्ही बाजूंनी हातहातभर रुंद झाल्या होत्या. सवय व्हावी म्हणून बॅग लावूनच त्या घरात वावरत होत्या आणि स्वयंपाकघराच्या दारातून तिरक्या होऊन आत-बाहेर करत होत्या. अशात मराठी मंडळाची अध्यक्ष सलोनी भोंडल्याचं आमंत्रण घेऊन आली. मावशींनी दार उघडलं, "ये गं," म्हणून त्या वळल्या, आणि नळीने कोनाड्यातली फुलदाणी सलोनीच्या पायाशी आणून फोडली.

सलोनीने काचांकडे पाहिलं, मग मावशींच्या पाठीकडे. "मावशी, ही... बंदूक आहे?"

"छे गं, लाकडी आहे," मावशी तिला धीर देत म्हणाल्या. "खरी गॅरेजमध्ये आहे. चहा टाकते, बस."

सलोनी बसली नाही. गाडी चालू ठेवून आलेय, असं ती म्हणाली. त्या वर्षी भोंडल्याची खिरापत मावशींनी नेली तेव्हा बंदुकीची बातमी सगळीकडे पोचली होती, त्यामुळे खिरापत ओळखताना कुणी हुज्जत घातली नाही. पहिल्या फटक्यात सगळ्यांनी सांगितलं, "बरोबर असेल, मावशी, तुम्ही म्हणाल तेच."

शेवटी मावशी म्हणाल्या, "शेखर, तुझे व्हिडिओ पुरे. मी दुकानात जाऊन घालून बघते." काका लाकडी रायफल चादरीत गुंडाळून बरोबर निघाले.

दुकान अवाढव्य होतं. विक्रेता पन्नाशीचा, ताडमाड, छातीपर्यंत दाढी. त्याने मावशींना बॅगांच्या भिंतीसमोर उभं केलं आणि एकेक पाठीवर चढवायला सुरुवात केली. या बॅगेला पाण्याच्या पिशवीची जागा, हिचं कापड पानांत आवाज करत नाही. मावशी ऐकून घेत होत्या. प्रत्येक बॅग चढली, पट्टे आवळले, रायफल अडकली, की त्या एकच गोष्ट करायच्या. पटकन उकिडव्या बसायच्या. मान हलवून नकार द्यायच्या, उठायच्या आणि बॅग उतरवायच्या. एकीची नळी मानेत टोचली. एकीचा दस्ता जमिनीला टेकून मावशी मागे कलंडल्या, त्यांना काकांनी धरलं.

तीन-चार बॅगांनंतर विक्रेत्याला राहवेना. "मॅम, तुम्हाला बरं वाटतंय ना?"

"उत्तम. मी शू करतेय."

आसपासच्या गिऱ्हाईकांनी वळून पाहिलं. विक्रेता एक पाऊल मागे सरला.

"म्हणजे, तसं समजा," मावशी बसल्या जागेवरूनच म्हणाल्या. "सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी डोंगरात असणार. माझं वय सदुसष्ट. तुम्ही पुरुष झाडाकडे तोंड करून मोकळे होता. मी दर वेळी बॅग उतरवू, बंदूक कुठेतरी टेकवू, मग परत सगळं चढवू? अंधार पडेल! मला पाठीवर बॅग ठेवून बसता आलं पाहिजे."

काका बुटांच्या कप्प्याकडे गेले होते आणि बायकोशी आपली ओळख नसल्यासारखे एक बूट न्याहाळत होते. विक्रेता मात्र विचारात पडला. "माझी बायको माझ्याबरोबर शिकारीला यायची," तो हळूच म्हणाला. "एक वर्ष आली, मग यायची थांबली. का ते कधी सांगितलं नाही."

"आता विचारा तिला," मावशी म्हणाल्या.

तो आत गेला आणि एक लहान, राखी रंगाची बॅग घेऊन आला. बायकांच्या मापाची, खांद्यापासून जेमतेम कमरेपर्यंत. पाठ आणि बॅग यांच्यामध्ये एक तिरपं म्यान होतं. रायफल त्याच्यात नळी खाली करून जायची आणि दस्ता उजव्या खांद्यामागे यायचा. मावशी उकिडव्या बसल्या. काही टोचलं नाही, काही टेकलं नाही. बसल्या बसल्या त्यांनी हात मागे नेला, कडी सोडली आणि लाकडी रायफल खांद्यावरून पुढे काढली.

"शेखर, हीच!" त्या दुकानभर ऐकू जाईल असं ओरडल्या. काकांना ओळख द्यावीच लागली.

बॅग छोटी असल्यामुळे काकांची वेगळीच अडचण झाली. निघायच्या दिवशी त्यांनी आत बीपीचं मशीन भरलं, मावशींनी ते काढलं. त्यांनी जाडा स्वेटर कोंबला, तोही निघाला. पाणी, सुरी, हातमोजे, प्रथमोपचाराचा डबा, चार थालीपीठं आणि चटणी एवढंच उरलं. "निदान शिट्टी तरी ने," काका काकुळतीला येऊन म्हणाले. शिट्टी गेली.

पहिल्या दिवशी मायलेकींना फक्त माद्या दिसल्या. त्यांच्याकडे परवाना होता तो शिंगाला निदान तीन टोकं असलेल्या नराचा. दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी इलाला म्हणाल्या, "थांब जरा," आणि एका झुडपाआड बसल्या. इला उतारावर खाली जाऊन पाठ फिरवून उभी राहिली.

आणि समोरच्या चढावर, झाडांतून, तो बाहेर आला. मोठाले कान, मानेत भरलेला नर. मावशींनी टोकं मोजली. चार. हात मागे गेला, कडी सुटली, रायफल पुढे आली, गोळी नळीत सरकली. नराने मान वळवली. त्याच्यामागे नुसता डोंगर होता, इला पार खाली दुसऱ्या अंगाला. मावशींनी श्वास रोखला.

बार ऐकून इला धावत वर आली. नर जागेवरच पडला होता. मावशी अजून तशाच बसल्या होत्या. त्या क्षणी पँट कुठे होती हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. इलाने सगळ्यांना सांगितलंय.

जवळ गेल्यावर मात्र मावशींनी हातातली रायफल इलाकडे दिली आणि त्या नराशेजारी खाली बसल्या. त्याच्या मानेवर हात ठेवला. डोळे पुसले. मग बाह्या सरसावल्या, सुरी काढली, आणि आयुष्यभराचं काम करायला घेतल्यासारखं पोट उघडलं. यकृत उन्हात धरून त्यांनी उलटसुलट पाहिलं.

"इला, लिव्हर बघ. फर्स्ट क्लास! असं लिव्हर आपल्या मंडळात एकाचंही नसेल."

मांडीचे मोठे तुकडे इलाच्या भल्या थोरल्या बॅगेत गेले. मावशींच्या बॅगेत पाठीचं मांस जेमतेम मावलं, तेही थालीपीठं आधी खाऊन टाकली म्हणून. राहिलेलं न्यायला इलाला पुन्हा वर जावं लागलं.

दिवाळीच्या फराळाला मावशींभोवती बायकांचा घोळका जमला. आधी सगळ्या "कसं गं तुला करवतं" म्हणाल्या. मग बॅगेचा किस्सा निघाला, आणि मंडळाच्या ट्रेकला जाणाऱ्या तिघींनी बॅगेचं नाव विचारून घेतलं. सलोनी त्यांतली एक होती.

काकांनी अजून मटणाला हात लावलेला नाही. पण यंदा मावशींबरोबर तेही गेले. स्वतःसाठी तशीच, मापाने मोठी बॅग घेतली. पोळ्या, लोणचं, बीपीचं मशीन आणि दोन स्वेटर तिच्यात बसले, आणि रायफलच्या म्यानात त्यांनी छत्री खोचली. डोंगरावर वाटेत भेटलेल्या एका शिकाऱ्याने थांबून, मोठ्या आदराने विचारलं, कोणत्या बनावटीची आहे?

"फोल्डिंग," काका म्हणाले आणि पुढे चालायला लागले.