मी गाळलेला निरंजन

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, देवासमोर हात जोडून उभा राहिलो तेव्हाही नाही — तिथंसुद्धा मी दुसरंच काहीतरी पुटपुटायचो. तुम्ही माझे कोण? कुणीच नाही. म्हणून तर तुमच्याशी बोलतोय. ओळखीच्या माणसासमोर हे तोंडातून निघत नाही. निघायचं असतं तर पुरू होता तेव्हाच निघालं असतं.

आणि गोष्ट तरी केवढी? मासिकात येणाऱ्या एका गोष्टीवरून झालेलं भांडण. तुम्ही म्हणाल, एवढंच? मीही स्वतःला कित्येक वर्षं हेच विचारत आलो — एवढंच ना?

आम्ही मालवणच्या शाळेत होतो तेव्हा मुंबईच्या एका मासिकात ‘ध्रुवयान’ सुरू झालं. ग्रहाग्रहांवर जाणारं एक यान, त्याचा कॅप्टन, आणि दर महिन्याला एक नवं संकट. मासिक मुंबईच्या बोटीनं यायचं. बोट लांब खोल पाण्यात उभी राहायची, पडावातून माणसं आणि सामान धक्क्याला लागायचं. कुणाकडचा पाहुणा उतरला याच्याशी पुरूला आणि मला देणंघेणं नव्हतं. आम्हाला वाचनालयाचं टपाल हवं असायचं. एक अंक, दोन डोकी. पुरू माझ्याहून भरभर वाचायचा. पान उलटायला माझ्यासाठी थांबायचा, आणि थांबला की त्याचा पाय हलत राहायचा.

मॅट्रिकच्या वर्षी पुरूला देवी आल्या. जीव वाचला. डोळे गेले.

तेव्हापासून मी त्याला वाचून दाखवू लागलो. मी मामाच्या कापडाच्या दुकानात बसायचो. अंक आला की रविवारी दुपारी चिवल्याच्या किनाऱ्याकडं त्याच्या घरी जायचो. खळ्यात, म्हणजे अंगणात, माटवाच्या सावलीत आम्ही बसायचो, त्याची आई — तिला मीही आयेच म्हणायचो — चहा ठेवून जायची. पुरू गुडघ्यावर हनुवटी टेकून ऐकायचा. आणि एकदा ऐकलेलं त्याच्या मनातून जात नसे. कुठल्या ग्रहावर कॅप्टन काय बोलला, कोण कधी जखमी झालं, सगळं मुखोद्गत. वाचनालयात ध्रुवयानावरून वाद झाला की कुणीतरी म्हणायचं, “पुरूक इचारा.” पुरू सांगेल तो निकाल.

हे मी त्याचं कौतुक म्हणून सांगत नाहीय. माझ्या दृष्टीनं त्याची किंमत काय होती, ते तुम्हाला कळावं म्हणून सांगतोय.

रशियानं आकाशात उपग्रह सोडला आणि आमच्याकडचे लोकसुद्धा संध्याकाळी किनाऱ्यावर मान वर करून बसू लागले. त्यानंतरच्या साली मासिकानं जाहीर केलं — नवं ध्रुवयान! आणि पहिल्याच अंकात कॅप्टन मेला. यान गेलं त्याच्या हाताखाली तयार झालेल्या एका मुलीकडं. रेवती तिचं नाव.

काय गहजब उडाला म्हणून सांगू! वाचनालयात सरळ दोन तट पडले. “प्रेत दाखवूक नाय म्हणजे कॅप्टन मरूक नाय,” असं एकजण शपथेवर सांगायचा. लेखक तोच आहे की त्याच्या नावावर दुसराच कोणी लिहितोय, यावर एका संध्याकाळी दोघांची बोलाचाली बंद झाली. मी जुन्यांचा पुढारी. कॅप्टनशिवाय ध्रुवयान म्हणजे डोलकाठीशिवाय गलबत, असं मी मोठ्यानं बोलायचो. नव्यांच्या बाजूनं नलूताई — मराठी शाळेत शिकवायच्या, हजरजबाबी बाई. त्या एकदा भर बैठकीत मला म्हणाल्या, “कॅप्टन तुझो आजो काय रे मधू, सुतक धरून बसलंस तो?” सगळे हसले.

ते हसू मला लागलं. फार लागलं. आणि मी मनात ठरवलं — पुरू आपल्या बाजूला हवा.

पण पुरू तसा कुणाच्या बाजूचा नव्हता. कॅप्टन मेला तो भाग मी त्याला जसाच्या तसा वाचून दाखवला होता. त्यानं गुडघ्यावरची हनुवटी उचलली. मग म्हणाला, “बघूया रे. पोरगी काय करता ती बघूया.”

आता मी जे केलं ते सांगतो.

दुसऱ्या भागात रेवतीनं कॅप्टनच्या खुर्चीला हात लावून नमस्कार केला होता. मी नमस्कार गाळला. मी वाचलं — ती खुर्चीत बसली आणि हसली. बस, इतकंच. पुरूच्या कपाळावर आठी आली. आणि मला — कसं सांगू — मला आत कुठंतरी गुदगुल्या झाल्या. मी एक शब्द बदलला आणि एका माणसाचं मन बदललं! त्यानंतर मी थांबेन असं तुम्हाला वाटतं?

पाऊस सुरू झाला. बोट बंद झाली, मासिक एसटीनं घाटावरून यायला लागलं. चिवल्याकडची वाट निसरडी, म्हणून पुरू घराबाहेर पडत नसे. त्याच्यापर्यंत पोचणारं ध्रुवयान त्या दिवसांत एकच होतं — माझ्या तोंडचं. अंकात रेवती बर्फाच्या ग्रहावर अडकलेल्या माणसांसाठी यान मागं वळवते. मी वाचलं, ती त्यांना टाकून पळते. पुरू मांडीवर मूठ आपटायचा. “ह्यां काय रे! कॅप्टनान घडवलेली पोरगी अशी पळता?” मी म्हणायचो, “काय करतलस, लिवलेलां आसा तसां वाचतंय.” वाक्यं मी जागच्या जागी रचायचो, आणि ती बरी जमायची. त्याचाही मला गर्व वाटायचा.

आणि खरं सांगू? तिसऱ्या भागापासून मला स्वतःला रेवती आवडायला लागली होती. घरी जाऊन मी खरा भाग एकट्यानं पुन्हा वाचायचो.

मग निरंजन आला. यानावर नवा माणूस, गणिती. आंधळा. दूरच्या ताऱ्यांकडून येणारे आवाज कानाला यंत्र लावून ऐकायचा आणि त्यावरून यानाची वाट सांगायचा. रेवती त्याला विचारल्याशिवाय सुकाणूला हात लावत नसे. त्या पानाशी आलो आणि माझा आवाजच बंद झाला.

“काय रे, खंय थांबलंस?” पुरूनं विचारलं.

“पान चिकटलेला आसा,” मी म्हणालो. आणि निरंजनला सोडून पुढं गेलो. त्या भागात, पुढच्या भागात, सगळीकडं.

का? पुरूला वाईट वाटेल म्हणून — असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खोटं. मला पक्कं ठाऊक होतं की हा निरंजन भेटला तर पुरू आनंदानं उठून बसेल. आणि मग तो माझ्या बाजूचा राहणार नाही.

पाऊस सरला. वाचनालयाच्या वाढदिवसाला चिटणीस तात्यांनी वादसभा ठेवली — जुनं ध्रुवयान की नवं? तात्यांच्या मनात आणखी एक होतं. शनिवारी मुलांना गोष्टी सांगायला वाचनालयात माणूस नेमायचा होता, आणि तो पुरू असावा असं त्यांनी मला आधी सांगितलं होतं. “तेका जरा बाहेर काढूया रे,” म्हणाले. त्या सभेत लोकांसमोर पुरू बोलला की मग नेमणूक सांगायची. मी पुरूला काही कळू दिलं नाही, पण आयेला सांगितलं. तिनं त्याचा सदरा स्वतः धुऊन, इस्त्री करून आणला.

दुपारी दालन भरलं होतं. पुरू माझ्या कोपराला धरून आला, उभा राहिला आणि बोलू लागला. किती सुंदर बोलला! मग म्हणाला, “जी पोरगी बर्फात माणसांक मरणाच्या दारात सोडून पळता, ती कॅप्टनाची शिष्या कशी?”

“कधी पळाली रे?” नलूताई म्हणाल्या. “उलट ती परत गेली मां त्यांका आणूक!”

पुरू हसला. “नलूताई, माका पाठ आसा.” आणि त्यानं म्हणून दाखवलं. शब्दन् शब्द. माझे शब्द.

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कुणी. मग पुष्कळजण. पुरूला वाटलं, रेवतीला हसतायत. तोही हसला. नलूताई मात्र हसत नव्हत्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “पुरू, आणि निरंजन? तो तरी तुका आवडलो आसतलो.”

“कोण निरंजन?”

“अरे, तो आंधळो. तारे आयकणारो.”

पुरूनं मान वळवली. मी कुठं बसलोय ते त्याला न सांगता कळायचं. त्यानं विचारलं, “मधू, निरंजन कोण रे?”

मी तेव्हा सांगू शकत होतो. एक वाक्य. हसले असते मला, शिव्या दिल्या असत्या, वाचनालयातून काढलं असतं — यापलीकडं काय झालं असतं?

मी उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, “मी सगळां वाचून दाखयलंय. हल्ली तो आयकता आयकता निजता. मगे मनानच कायतरी जोडता.”

पुरू उभाच होता. त्याचे ओठ थोडे हलले. त्याला कळलं होतं. त्याच क्षणी कळलं होतं, याबद्दल मला शंका नाही. तो लोकांना सांगू शकला असता — हा खोटं बोलतोय. तो म्हणाला, “तसांच आसात. माका झोप लागली आसतली.”

आणि खाली बसला.

लोक चुकचुकले. कुणीतरी कुजबुजलं, देवीनं डोक्यावर पण परिणाम केलेला दिसतो. तात्यांनी सभा लवकर आवरली. परतताना पुरूनं नेहमीसारखा माझा कोपर धरला — दुसऱ्या कुणाचा धरला असता तर बरं झालं असतं.

दोन-चार दिवसांनी आये दुकानात आली. कापड घ्यायला आली नव्हती. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबली आणि मग विचारलं, “मधू, तो खरोच निजता रे? माझ्या झिलाच्या डोक्याक कायतरी झाला काय?”

आईनं विचारलं होतं. मी मान हलवली. “हो” म्हणायलासुद्धा तोंड उघडलं नाही, नुसती मान हलवली. ती पदर तोंडाला लावून गेली.

पुढच्या रविवारी मी अंक घेऊन गेलो, तेव्हा पुरू म्हणाला, “नको रे. माका झोप येता.” त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मग मी जायचा थांबलो. शनिवारी मुलांना गोष्टी सांगायचं काम तात्यांनी मला दिलं. मी घेतलं. हो, तेही घेतलं. कितीतरी वर्षं केलं. मुलं मला गोष्टीवाला मधूकाका म्हणायची.

पुरूला त्याची बहीण सावंतवाडीला घेऊन गेली. तिच्या यजमानांचा लाकडी खेळण्यांचा कारखाना होता. तिथं पुरू खेळणी घासून गुळगुळीत करायचा. पुष्कळ वर्षांनी एका लग्नाला सावंतवाडीला गेलो होतो तेव्हा त्यांच्या घरी गेलो. का गेलो? सांगायलाच गेलो होतो. वाटेत वाक्यं जुळवली होती.

पुरू ओसरीवर बसला होता. शेजारी त्याची भाची, शाळकरी पोर, बांधून घेतलेले जुने अंक मांडीवर घेऊन वाचत होती. नवं ध्रुवयान. मी नुसता खाकरलो आणि तो म्हणाला, “ये, मधू.” तब्येत विचारली, दुकान विचारलं, आयेच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलला. मी उत्तरं देत गेलो. मग तो भाचीला म्हणाला, “निरंजन येता थंयसून वाच गो. ह्येका आयकांदी. ह्येना वाचूक नाय आसतला.”

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. मी अजून तो आवाज आठवून पाहतो. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. मुलगी वाचत गेली, एकही शब्द न गाळता, अडखळत अडखळत. पुरू गुडघ्यावर हनुवटी टेकून ऐकत होता. मी भाग संपेपर्यंत बसलो. चहा प्यालो. उठलो. एसटी पकडून परत आलो.

काहीच बोललो नाही.

पुरूला जाऊन आता खूप वर्षं झाली. त्या सभेतली माणसंही फारशी उरली नाहीत. जी आहेत त्यांच्या लक्षात राहिलंच असेल तर एवढंच असेल, की बिचारा पुरू ऐकता ऐकता झोपायचा.

तो कधीच झोपला नाही. मी वाचत असताना, इतक्या वर्षांत, एकदाही नाही.