उलट्या लवेची मखमल

वहिनी दुष्ट आहे, हे खुद्द वहिनीला टीव्हीवरून कळलं. तोपर्यंत ती स्वतःला फार तर फटकळ समजत होती.

त्यांचं पडद्यांचं दुकान. पुढे काउंटर, मागे कापायची खोली, वर राहतं घर. दुकान उभं केलं सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी. थोरला मुलगा, वहिनीचा नवरा, लोकांच्या घरी जाऊन खिडक्या मोजतो. खिडक्या बोलत नाहीत, म्हणून त्याला त्या आवडतात. धाकटा काउंटरवर बसतो. गिऱ्हाइकांशी बोलतो, गिऱ्हाईक नसेल तेव्हा आरशाशी बोलतो. त्याची वहिनी म्हणून ती वहिनी, मग आप्पांचीही वहिनी झाली, गिऱ्हाइकांचीही झाली, आणि एकदा तर भर दुकानात नवऱ्याने "वहिनी, टेप कुठेय?" असं विचारलं. ते तिने अजून विसरलेलं नाही.

लग्न होऊन आली तेव्हा तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. सासूबाई तिला स्वयंपाकघरात न्यायला निघाल्या, तर आप्पा म्हणाले, "स्वयंपाक काय, भूक लागली की आपोआप येतो. हिचा हात सरळ आहे. हिला टेबलाशी उभी करा." तिथे ती उभी राहिली ती अजून उभीच आहे. पडदा शिवला की खालची दुमड लगेच घालायची नाही, आठ दिवस तसाच टांगून ठेवायचा, कापड स्वतःच्या वजनाने उतरायचं तेवढं उतरतं, हे तिला आप्पांनी शिकवलं. मखमलीवर आधी हात फिरवायचा, हेही त्यांनीच. मखमलीची लव एका अंगाला झुकलेली असते. जोडीतले दोन्ही पडदे लव एकाच दिशेला ठेवून कापायचे. एक जरी उलटा कापला, तरी एकाच ताग्यातले दोन पडदे एक उजळ, एक काळपट दिसतात. सख्ख्या भावांसारखे.

तर, टीव्ही. घरगुती धंद्यांवरचा तो कार्यक्रम, 'दुकान आमच्या घरचं'. दर वेळी एक कुटुंब, त्यांचं दुकान, त्यांची भांडणं, आणि शेवटच्या भागात घरातला मोठा माणूस धंदा कोणाच्या हाती देतो ते. धाकट्याने कोणालाही न विचारता अर्ज केला आणि निवड झाल्यावर पेढ्यांऐवजी बातमी वाटली. आप्पांनी मान्य केलं, कारण त्यांना वाटलं, जाहिरात फुकट होईल. त्यांनी कॅमेऱ्यासमोर सांगूनही टाकलं, "शेवटच्या दिवशी मी माझी कात्री देईन. ज्याच्या हाती कात्री, त्याच्या शब्दावर दुकान."

धाकट्याचा बेत उघड होता. कारखान्यातून तयार पडदे आणायचे, मागची खोली बंद करायची, टेबल भंगारात. "वहिनी, तू सुटशील," तो म्हणाला. "आयुष्यभर उभी राहिलीस. आता आराम कर."

वहिनी आजारपणाला भीत नव्हती, म्हातारपणाला भीत नव्हती. 'आराम' या शब्दाला मात्र ती भ्यायली.

आणि त्यातच ती मखमल आली.

एका दंतवैदिणीच्या दिवाणखान्यासाठी जांभळट लाल मखमल कापायची होती. बाई स्वतः कापड बघायला आल्या होत्या. कॅमेरा चालू होता. आप्पा हौसेने पुढे आले, म्हणाले, "एक पडदा मी कापतो." वहिनीने एक कापला होता, दुसरा त्यांनी कापला. वहिनीने दोन्ही शेजारी ठेवून हात फिरवला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "आप्पा, लव उलटी गेली! आता तुम्ही कात्रीला हात लावू नका."

टीव्हीवर पहिलं वाक्य गायब. दुसरं तेवढं तीनदा दाखवलं, तीन बाजूंनी, मागे ढगांचा गडगडाट. त्यानंतर आप्पांचा पडलेला चेहरा. तो चेहरा मुळात सकाळचा होता, चष्मा सापडत नव्हता तेव्हाचा.

लोकांनी मतं दिली. कार्यक्रमाच्या पानावर मतं द्यायला जागा होती आणि लोकांना वेळ होता. "अशी सून शत्रूलाही नको." "हिला तिच्याच पडद्यात गुंडाळून फेका." "म्हाताऱ्याचे डोळे बघून जेवण गेलं नाही." एकाने लिहिलं होतं, "बाकी काही असो, निळा रंग बाईंना शोभतो." हे तिने दोनदा वाचलं.

समोरचा चष्मेवाला दुकानात येऊन म्हणाला, "वहिनी, मी तुमच्या बाजूने आहे. पण माझी बायको नाही. त्यामुळे मीही नाही."

हे सगळं तिने झटकून टाकलं असतं. पण आप्पा तिच्याशी बोलायचे थांबले. एका टेबलावर जेवायला बसायचे आणि थोरल्याला म्हणायचे, "तिला सांग, मीठ कमी आहे." थोरला मिठाची बरणी सरकवायचा आणि म्हणायचा, "हं." त्याच्याकडे दोन्ही बाजूंसाठी एकच शब्द होता.

वहिनीने मग तिच्या मते फार हुशारी केली. फोनवर खोटं नाव घेतलं, 'एक त्रयस्थ'. फोटोच्या जागी कुंडी लावली. आणि लिहिलं, "माझा या कुटुंबाशी काही संबंध नाही. पण मखमल उलटी कापली गेल्यावर त्या बाईने काय टाळ्या वाजवायच्या?"

तिला शिव्या अपेक्षित होत्या, त्या आल्या. पण 'जुना प्रेक्षक' नावाच्या कोणी एकाने लिहिलं, "चूक झाली असेल. पण चूक चारचौघांत सांगायची नसते. कोपऱ्यात घेऊन सांगायची असते."

तिने लिहिलं, "कोपऱ्यात जाईपर्यंत दुसराही तागा कापला गेला असता."

"जाऊ द्यायचा. कापड परत आणता येतं."

"कापड काय झाडाला लागतं?"

"मग माणूस लागतो का?"

यावरचं उत्तर तिला सुचलं ते दुसऱ्या दिवशी, अस्तर कापताना, आणि ते लिहिल्याशिवाय तिला चैन पडेना. असं रोज सुरू झालं. जुना प्रेक्षक खवचट होता, हट्टी होता, पण मुद्द्याला धरून बोलायचा. इतक्या वर्षांच्या संसारात तिच्याशी कोणी इतकं नीट भांडलं नव्हतं. ज्या दिवशी तो लिहायचा नाही त्या दिवशी तिला चुकल्यासारखं व्हायचं. आणखी एक गंमत तिच्या लक्षात आली. तिच्या प्रत्येक मताला 'खिडकी' नावाच्या कोणीतरी अंगठा दिलेला असायचा. जुन्या प्रेक्षकाच्याही प्रत्येक मताला त्याच खिडकीचा अंगठा.

धाकट्याचंही मत होतं. "दुकानाला तरुण रक्त हवं, धाकट्या भावालाच कात्री मिळावी," हे त्याने 'निष्पक्ष' या नावाने लिहिलं. फोटोत दुकानाची पाटी होती.

एका दुपारी दुकानात सामसूम होती. वहिनी मागच्या खोलीत कापत होती. पलीकडे अस्तराच्या गुंडाळ्या रचून ठेवलेल्या, त्यांच्या मागे आप्पांची खुर्ची. अचानक त्या गुंडाळ्यांमागून आप्पांचा आवाज आला, सभेत बोलावा तसा. आप्पांना कमी ऐकू येतं, त्यामुळे सगळ्या जगाला कमी ऐकू येतं अशी त्यांची समजूत आहे.

"त्या बाईचा हात सरळ आहे," आप्पा म्हणाले. "पण जीभ तिरकी आहे. अरे, तिखट नाही, तिरकी! तिरकी लिही. हां. आता पाठव."

वहिनीच्या खिशातला फोन थरथरला.

तिने काढून पाहिला. जुना प्रेक्षक: "त्या बाईचा हात सरळ आहे. पण जीभ तिरकी आहे. अरे, तिखट नाही, तिरकी! तिरकी लिही."

तिच्या हातातली कात्री चालूच होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती वाकडी गेली.

आधी तिला संताप आला. घरचा माणूस, आणि जगासमोर आपली जीभ मापतोय! मग हसू आलं. ते दाबायला तिने अस्तराचा बोळा तोंडाशी धरला. मग ती स्टुलावर बसली. चष्मेवाल्याने त्यांना फोनशी बोलून लिहायला शिकवलं असणार. डोळ्यांना अक्षर दिसत नाही म्हणून.

डोळ्यांना दिसत नाही. लव कुठल्या अंगाला आहे, ते तरी त्यांना कसं दिसणार होतं?

तिने हळूच लिहिलं, "मग त्या बाईने आता काय करावं?"

गुंडाळ्यांमागे फोन पुटपुटू लागला. आप्पा तिची ओळ फोनकडून वाचून घेत होते. मग आवाज आला, या वेळी जरा खाली.

"माफी-बिफी नको. म्हाताऱ्याला नीट दिसत नाही, हे म्हाताऱ्याला आधीपासून माहीत असतं. फक्त गिऱ्हाइकासमोर ते माहीत नसतं."

फोन थरथरला. तिने पाहिला नाही.

शेवटच्या भागाच्या दिवशी दुकानात वायरींचं जाळं पसरलं होतं. धाकटा नव्या कोटात दिव्यांखाली घामाघूम झाला होता. मध्ये आप्पांची खुर्ची, समोर तबकात कात्री. मागे भिंतीला त्या दंतवैदिणीचे पडदे टांगलेले, नवं कापड आणून वहिनीने पुन्हा केलेले. खालची दुमड अजून घातली नव्हती.

धाकट्याने तरुण रक्तावर भाषण केलं. ते रक्त पन्नाशीला टेकलं होतं आणि केसांना रंग लावून आलं होतं. मग दिग्दर्शक आप्पांना म्हणाला, "आप्पा, निर्णय तुमचाच. पण प्रेक्षकांचं मत लक्षात घ्या. जवळजवळ सगळे तुमच्या मुलाच्या बाजूने आहेत. सूनबाईंबद्दल लोकांच्या भावना तुम्हाला माहीतच आहेत."

"माहीत आहेत," आप्पा म्हणाले. "मी रोज ऐकतो."

कॅमेरा वहिनीवर आला. तिने टेबलाची कड धरली होती. भंगारवाला ते टेबल कुठल्या दाराने काढेल, हा एकच विचार तिच्या डोक्यात होता. पुढच्या दाराने निघणार नव्हतं. पाय कापावे लागले असते.

आप्पांनी कात्री उचलली. "वहिनी, इकडे ये."

ती पुढे आली. पण आप्पा तिच्याकडे न येता भिंतीच्या कोपऱ्याकडे निघाले, मखमलीच्या मागे शिरले, आणि ती आत येताच त्यांनी पडदा सर्रकन ओढून घेतला.

"आप्पा! कॅमेरा इकडे आहे!" दिग्दर्शक ओरडला.

"म्हणूनच!" आतून उत्तर आलं. छातीवर लावलेला माईक त्यांनी सकाळीच काढून सुयांच्या डब्यात ठेवला होता. कॅमेऱ्याला मखमल दिसली आणि खाली चार पाय.

आत अंधार होता आणि नव्या कापडाचा वास.

"आप्पा, त्या दिवशी मी..." वहिनी त्यांच्या कानाशी कुजबुजली.

"ते झालं लिहून."

"काय लिहून?"

"तू त्रयस्थ ना? मखमल उलटी कापली गेली, हे त्रयस्थाला कसं कळलं गं? टीव्हीवर दाखवलंच नाही त्यांनी."

वहिनीचं तोंड उघडं राहिलं. इतक्या दिवसांत तिच्या ते डोक्यातही आलं नव्हतं.

"पहिल्याच दिवशी ओळखलं," आप्पा म्हणाले. "म्हटलं, घरात बोलायची सोय नाही, इथे तरी बोलू."

"सोय नाही? मीठ कमी आहे म्हणून निरोप कोण पाठवत होतं?"

"मीठ कमीच होतं."

"आणि तुम्ही अस्तरामागून बोलत होता, ते मला शब्द न् शब्द ऐकू येत होतं."

"ऐकू येत होतं?"

"चष्मेवाल्यालासुद्धा."

आप्पांनी जरा विचार केला. "मग तो फोन उगीच घेतला."

बाहेर दिग्दर्शक थोरल्याला विचारत होता, आत काय चाललंय. थोरला म्हणाला, "हं."

आप्पांनी कात्री पुढे धरली. वहिनीने ती लगेच घेतली नाही. तिने त्यांचा दुसरा हात धरला, मखमलीवर ठेवला आणि खालून वर नेला.

"सांगा. लव कुठल्या अंगाला?"

आप्पांनी डोळे मिटले. तसेही ते फारसे कामाचे नव्हते. "खाली. दोन्ही पडद्यांची खाली. बरोबर कापलेस."

"बोटं शाबूत आहेत तुमची. त्या दिवशी हात फिरवला असतात तर चुकला नसता. कॅमेऱ्यासमोर ऐट करायला गेलात." तिने कात्री घेतली. "कापणार मी. पण मखमल आली की आधी हात तुम्ही फिरवायचा. तुम्ही सांगितल्याशिवाय मी कात्री लावणार नाही."

आप्पांनी मखमलीवरून पुन्हा एकदा बोटं फिरवली. मग म्हणाले, "आणि मी चुकलो तर?"

"कोपऱ्यात घेईन."

धाकट्याला पुढे एक मांडणी मिळाली, तयार पडद्यांची. तिच्यासमोर त्याने आरसा लावून घेतला. टेबल आहे तिथेच राहिलं.

शेवटचा भाग दाखवला त्या संध्याकाळी सगळे एकाच खोलीत बसले होते. मतं यायला वेळ लागला नाही. "पडद्यामागे नेऊन म्हाताऱ्याला धमकावलं." "कात्री गळ्याला लावली असणार." "सगळं आधीच ठरलेलं." "निळा रंग का नाही घातला?"

"वाच, वाच," आप्पा म्हणाले.

वहिनीने वाचलं, "पडद्यांचं दुकान म्हणवतात आणि स्वतःचा पडदा बघा, खाली दोरे लोंबतायत. दुमडसुद्धा घातलेली नाही."

आप्पा ताडकन उठले, फोन घेऊन खाली दुकानात गेले. थोड्या वेळाने अस्तराच्या गुंडाळ्यांमागून आवाज जिन्यावरून वर आला, स्वच्छ, खणखणीत:

"मूर्खा, कापड अजून उतरतंय. आठ दिवसांनी बघ आणि मग बोल. मूर्खा काढ. नाही, राहू दे. मूर्खा पण लिही."

वहिनीने फोन उघडला. त्या मताला खिडकीचा अंगठा आधीच पडला होता. तिने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

"खिडकी?" तिने विचारलं.

"हं," थोरला म्हणाला, आणि फोन खिशात घातला.